पाव तोळ्याचा बिबट्या

वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ साली आला, तेव्हा सर्वाधिक संरक्षण दिलेला प्राणी मारणाऱ्याला किमान दंड होता ५०० रुपये. त्या काळी सोनं तोळ्याला २०० रुपयांच्या आसपास होतं. म्हणजे दंड अडीच तोळ्यांचा. १९९१ च्या दुरुस्तीने तो ५,००० झाला, २००२ च्या दुरुस्तीने १०,००० आणि २०२२ च्या दुरुस्तीने २५,०००. ही शेवटची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आज सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं आहे. २५,००० रुपयांत पाव तोळाही येत नाही. कागदावर दंड पन्नास पट वाढला आणि प्रत्यक्षात दहा पट उतरला.

सोबत तुरुंगवास आहे, किमान तीन वर्षं आणि कमाल सात. ते मान्य. पण तुरुंगाच्या दारापर्यंत जायचं तर खटला उभा राहावा लागतो, टिकावा लागतो, संपावा लागतो. ऑक्टोबर १९९८ मध्ये राजस्थानातल्या कांकाणी गावाजवळ दोन काळविटं मारली गेली. जोधपूरच्या न्यायालयाने सलमान खानला दोषी ठरवलं ते ५ एप्रिल २०१८ रोजी. पाच वर्षं कैद आणि १०,००० रुपये दंड. दोन दिवसांत जामीन, पुढे अपील. निकालाला साडेएकोणीस वर्षं लागली, आणि बिश्नोई समाज मागे हटला नाही म्हणून निकाल तरी लागला. दंडाला वरची मर्यादा कायद्यात लिहिलेली नव्हती, आजही नाही. ‘किमान’ म्हणून लिहिलेल्या आकड्याच्या आसपासच दंड घुटमळतो, हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे.

आता हे सगळं पिंपळवंडीला आणून बघू.

पुणे–नाशिक रस्त्यावर नारायणगाव सोडलं की आळेफाट्याच्या अलीकडे जुन्नर तालुक्यातली पिंपळवंडी लागते. कुकडीचं पाणी, शेजारी येडगावचं धरण, कालवे, आणि नजर जाईल तिथवर ऊस. ज्वारी-बाजरीचा हा मुलूख धरणांनी हिरवा केला, विघ्नहर आणि भीमाशंकर या कारखान्यांनी उसाखाली आणला. त्या उसात बिबट्या राहायला आला, व्याला, वाढला. डोंगरातून वाघ खाली उतरला असं म्हातारी माणसं अजून म्हणतात. आताचा बिबट्या मात्र उसातच डोळे उघडतो. तोडणीच्या दिवसांत सरीत बछडी सापडतात, तोड थांबते, वनखात्याची माणसं येतात, बछडी क्रेटमध्ये ठेवून सगळे लांब होतात आणि रात्री मादी येऊन एकेक पिल्लू उचलून नेते. जुन्नर वन विभागात हे वर्षानुवर्षं चालू आहे. दिवसाची मजुरी बुडत असताना बाजूला उभे राहणारे ऊसतोड मजूर आणि शेतकरी यात असतात. या माणसांना वन्यप्राण्यांचे वैरी म्हणणाऱ्याने एकदा तोडणीच्या वेळी फडावर यावं.

आणि याच माणसांनी काय सोसलंय तेही बोललं पाहिजे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड आणि जांबुत परिसरात, तीन आठवड्यांत तीन जीव गेले. पाच वर्षांची मुलगी, एक वृद्धा आणि तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, महामार्ग अडवला. गाडी जाळणं चूकच. पण ज्या घरातलं पोर अंगणातून उचललं गेलं, त्या घराला शांततेचे धडे देण्याचा अधिकार मला नाही, तुम्हाला नाही, आणि मुंबईत बसलेल्या कोणालाही नाही.

म्हणून मी त्यांच्या संतापाबद्दल नाही, बोलणार आहे ते फासाबद्दल.

मोटरसायकलची क्लच वायर. बाजारात सहज मिळते, स्वस्त मिळते. तिचा सरकता फास करायचा, बांधाच्या फटीत किंवा कुंपणाच्या भोकाशी, जिथून रानडुकराची वाट पडलेली असते तिथे, खुंटीला किंवा झाडाच्या बुंध्याला बांधायचा. डुक्कर रात्री येतं, मान अडकते, जितकं ओढतं तितका फास आवळतो. डुक्कर अडकलं तर मटण. ससा, साळिंदर अडकलं तरी मटण. बिबट्या अडकला तर तो कमरेत अडकतो, कारण अंगाने लवचिक असल्याने डोकं आणि पुढचे पाय पार होतात. मग तो रात्रभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, आतडी तुटेस्तोवर झटत राहतो. अशा बिबट्याजवळ चुकून गेलेल्या माणसाचं काय होईल, हे सांगायची गरज नाही.

फास लावणारा म्हणतो, ‘मी बिबट्यासाठी लावलाच नव्हता.’ कायदा या सबबीला जागा देत नाही. शिकार म्हणजे काय, हे कायद्याने पहिल्याच प्रकरणात सांगून ठेवलं आहे. मारणं, पकडणं, विष घालणं, फास किंवा सापळा लावणं, आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, ही सगळी शिकारच. म्हणजे बांधावर नुसता फास दिसला, त्यात काही अडकलेलं नसलं, तरी गुन्हा झालेला आहे. हे वाक्य तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावं असं आहे. कारण आज कारवाई सुरू होते ती बिबट्या मेल्यावर. वनपाल येतो, पंचनामा होतो, ‘अज्ञात व्यक्तीविरुद्ध’ गुन्हा नोंदला जातो आणि फास कोणाच्या बांधावर होता हे अख्ख्या वाडीला ठाऊक असूनही कागदावर तो अज्ञातच राहतो.

दंड केवढा, हा प्रश्न त्यानंतरचा. दंड कोणत्या क्षणी लागतो, हा पहिला. फास लावताना पकडला जाईन आणि महिन्याभरात पाच हजार भरावे लागतील, ही भीती वायर खिशातच ठेवायला लावते. दहा वर्षांनी कदाचित पंचवीस हजार भरावे लागतील, या भीतीने कोणी फास लावायचं थांबत नाही.

फासाच्या पुढची पायरी करंटची. झटका मशीनबद्दल मी बोलत नाही. प्रमाणित झटका मशीन क्षणभराचा धक्का देतं, जनावर पळतं, मरत नाही. ते जरूर लावा, त्यासाठी अनुदान मागा. मी बोलतोय ते थेट तारेवर आकडा टाकून कुंपणात सोडलेल्या विजेबद्दल. त्या तारेला डुक्कर, बिबट्या आणि शेजारचा बाऱ्यावर, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, गेलेला माणूस यांतला फरक कळत नाही. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड भागात श्रीनिवास हा वाघ, उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध जय वाघाचा बछडा, अशाच तारेला लागून मेला. वाघ होता, नाव होतं, गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून बातमी झाली. बिबट्याला नाव नसतं. डुकराची तर नोंदही होत नाही. आणि माणूस मेला की त्या रात्री दोन घरं बसतात, मेलेल्याचं आणि तार लावणाऱ्याचं, कारण मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो आणि शेत, बैल, सगळं वकिलाच्या फीत जातं.

आता मुद्द्याकडे येतो. हा मुद्दा जुन्नर-आंबेगावच्या चावडीवर बोललाच जात नाही.

पिंपरखेडच्या घटनांनंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने बिबट्याला कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीतून दुसऱ्या अनुसूचीत टाकण्याची मागणी पुढे केली. भाषणांत टाळ्या पडल्या. बिबट्याचा बंदोबस्त होणार, असा अर्थ लोकांनी घेतला. बदल करायला संसद लागत नाही. कलम ६१ खाली केंद्र सरकारची एक अधिसूचना पुरते. एका सकाळी राजपत्र निघतं आणि प्राण्याचा दर्जा बदललेला असतो.

या एका खणातून दुसऱ्या खणात जाण्याचा पैशाशी काय संबंध? सगळा पैशाशीच संबंध आहे.

पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारला तर किमान तीन वर्षं कैद आहे. जिथे किमान कैद लिहिलेली आहे, तो गुन्हा वनखात्याला पैसे घेऊन मिटवता येत नाही. कलम ५४ मध्ये हे स्पष्ट आहे. आरोपी या कायद्याखाली आधी दोषी ठरलेला असेल तर जामीनही सहज मिळत नाही, कलम ५१अ आड येतं. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याचं तसं नाही. तिथे शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘पर्यंत’ म्हणजे एक दिवसही चालतो आणि हजार रुपयेही चालतात. आणि हा गुन्हा तडजोडीने मिटतो. तडजोड करण्याचा अधिकार राज्य सरकार उपवनसंरक्षक दर्जापासून पुढच्या अधिकाऱ्याला देऊ शकतं. तडजोडीच्या रकमेला वरची मर्यादा पाच लाख रुपये. खालची मर्यादा कायद्यात नाही. रक्कम भरली की आरोपी सुटला, खटला संपला.

रानडुक्कर आणि ससा आज दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उद्या बिबट्या तिथे गेला, तर अभयारण्याबाहेर उसात मारलेल्या बिबट्याची केस एका कार्यालयात, एका पावतीवर मिटू शकते. कोर्ट नाही, साक्षीदार नाहीत, शिक्षा नाही. बिबट्याची नखं आणि कातडं यांचा चोरटा बाजार आजही आहे. त्या बाजारातल्या दलालाने पाच लाखांचा हिशेब कसा करायचा, हे त्याला कोणी शिकवायला नको. दंड हा दंड राहत नाही, धंद्याचा खर्च होतो.

आणि यातून पिंपळवंडीच्या शेतकऱ्याला काय मिळतं? माणसाच्या जिवाला धोकादायक झालेला बिबट्या मारण्याची परवानगी आजही मिळते. कलम ११ नुसार राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारण देऊन ती देऊ शकतात. पिंपरखेडच्या परिसरातला बिबट्या गोळी घालून मारला गेला तेव्हा बिबट्या पहिल्याच अनुसूचीत होता. अंगावर आलेल्या जनावराला जीव वाचवण्यासाठी मारलं तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कलमात आहे, आणि कोणत्याही अनुसूचीतल्या प्राण्याला लागू आहे. अट एकच. त्या वेळी तुम्ही स्वतः कायदा मोडत नसावात. फास बघायला गेलेल्याला स्वसंरक्षण सांगता येणार नाही.

म्हणजे लोकांच्या जिवासाठी जे लागतं ते आधीच कायद्यात आहे. अनुसूची बदलल्याने मारण्याची परवानगी खालच्या पातळीवर आणि जास्त कारणांसाठी मिळू लागेल, आणि शिकाऱ्याची सुटका सोपी होईल. परवानगी देण्यात उशीर होतो, ही तक्रार खरी आहे. मग उशिरावर बोट ठेवा. किती तासांत निर्णय झाला पाहिजे, पिंजरा किती तासांत आला पाहिजे, नेमबाज पथक कुठे तैनात असलं पाहिजे, हे मागा. शेतीला दिवसा थ्री-फेज वीज मागा. रात्री दोनला बारं द्यायला उसात जावं लागतं, ही बिबट्याने नव्हे तर वेळापत्रकाने लादलेली जोखीम आहे. या मागण्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या लोकांनी अनेकदा केल्या आहेत. त्या पूर्ण करायला पैसे लागतात, माणसं लागतात. अनुसूची बदलायला एक कागद लागतो. सरकारने स्वस्तातलं औषध काढलं आहे आणि ते भलत्याच रोगावरचं आहे.

इंग्रजांच्या राज्यात बिबट्या मारणाऱ्याला सरकार इनाम देई. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ चा वन्यप्राणी आणि वन्यपक्षी संरक्षण कायदा केला, त्यात शिकारीचे परवाने होते. १९७२ च्या कायद्यातही सुरुवातीला परवान्यांना जागा होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने काढली. इनामापासून बंदीपर्यंत यायला आपल्याला पिढ्या लागल्या. मागे जायला एक राजपत्र पुरेल.

जिथे शिकार कायदेशीर आहे तिथे दंडाचा विचार कसा करतात, हे पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एस्टेस पार्क गावाजवळ सॅमसन नावाचं एल्क होतं. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षा मोठं हरीण. सगळ्या गावाचं लाडकं. १९९५ मध्ये एकाने ते चोरून मारलं. लोक इतके संतापले की १९९८ मध्ये त्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. मोठी शिंगं असलेलं एल्क अवैधरीत्या मारलं तर नेहमीच्या दंडावर १०,००० डॉलर जास्तीचे, आणि डोंगरी बिगहॉर्न मेंढ्याला २५,००० डॉलर. ओहायो राज्यात तर हरणाच्या शिंगांचं मोजमाप घेऊन सूत्राने भरपाई काढतात. मोजमापाच्या गुणांतून शंभर वजा करायचे, उत्तराचा वर्ग करायचा आणि त्याला १.६५ डॉलरने गुणायचं. या सूत्राने अलीकडे एका हरणापोटी ३५,००० डॉलरहून जास्त भरपाई लागली. तिथे दंड वेगळा आणि भरपाई वेगळी. दंड कायदा मोडल्याचा, भरपाई जनतेचं जनावर नेल्याची. दोन्ही एकाच माणसाकडून.

भरपाईचा हा दुसरा भाग आपल्याकडे नाही. मेलेला वन्यप्राणी राज्य सरकारच्या मालकीचा, असं कलम ३९ सांगतं. मालक असूनही सरकार मालमत्तेच्या नुकसानीची किंमत मागत नाही. मारणाऱ्याकडून एका आकड्याचा दंड घेतं आणि फाइल बंद करतं. माणूस मेला तर वारसांना २५ लाख रुपये सरकार देतं, गाय-म्हैस मेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के देतं, नियमांत ठरलेल्या मर्यादेपर्यंत. ते दिलंच पाहिजे, वेळेवर दिलं पाहिजे. पण वनखातं नुकसानीचं मोल काढू शकतं, हे यातून सिद्धच होतं. शेळीचं मोल निघतं, तर फासात मेलेल्या मादीचं आणि तिच्यामागे उसात उपाशी राहिलेल्या बछड्यांचं का निघू नये? ती बछडी मग जगण्यासाठी माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात जातात. तिथला रोजचा मांसाचा खर्च, डॉक्टर, पिंजरा, राखणदार, हा सगळा भार फास लावणाऱ्याने टाकलेला असतो. बिल त्याच्या नावाने निघालं पाहिजे.

वाया घालवण्याबद्दलही बोलायला हवं. अलास्कात मोठ्या जनावराची शिकार करून मांस रानात सडू दिलं तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. किमान सात दिवस कैद आणि किमान २,५०० डॉलर दंड. मारलंस तर खा, नाहीतर मारू नकोस, हा तिथला न्याय. आपल्याकडे काही जण हाच धागा पकडून विचारतात: पिकाचं नुकसान करणारं डुक्कर परवानगीने मारलं, तर ते पुरायचं कशाला? गरिबाच्या ताटात का नाही? प्रश्न प्रामाणिक आहे. केरळात यावर उघड वाद चालू आहे.

माझं उत्तर नकाराचं आहे. डुक्कर मारायची परवानगी पीक राखण्यासाठी आहे. त्या परवानगीतून मटण मिळू लागलं की पीक हे निमित्त होईल. आजही जुन्नर-आंबेगावात, आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांच्या फार्महाउसवर, डुकराचं आणि सशाचं मटण मागणारे आहेत. मागणाऱ्याला किंमत परवडते. फास लावणाऱ्या पोराच्या हातात हजार-दीड हजार पडतात आणि पकडला गेला तर तोच पकडला जातो. ताटावर बसलेला कधी पकडला जात नाही. कायद्यात मात्र मांस जवळ बाळगणं, विकत घेणं हाही गुन्हाच आहे. वाया गेलेल्या डुकराचं मला वाईट वाटतं. त्या डुकराच्या मटणाचा बाजार झाला तर दहा डुकरं, दोन साळिंदरं आणि एक बिबट्या वाया जाईल, याचं जास्त वाईट वाटतं.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्या या पाहुण्यांसाठी दंडाचा आकडा फारसा कामाचा नाही. २५,००० रुपये त्यांचा एका रात्रीचा खर्च आहे. त्यांना लागतं ते कायद्यातलं दुसरं कलम. गुन्ह्यात वापरलेली आणि जप्त झालेली गाडी, बंदूक, सापळा, दिवे हे सगळं सरकारजमा होऊ शकतं. शस्त्राचा परवाना रद्द होऊन पुढची पाच वर्षं नवा न देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. वीस लाखांची जीप परत मिळणार नाही हे कळलं, की माणूस रात्री हेडलाइट लावून सशामागे फिरायचा थांबतो. खरा आर्थिक दंड तो आहे, आणि तो कायद्यात आधीपासून लिहिलेला आहे. जप्त गाडी सुपूर्दनाम्यावर महिन्याभरात मालकाच्या दारात उभी राहू नये, एवढंच बघायला हवं. सरकारी वकिलाने विरोध करायचा असतो. वनखात्याने त्याच्या मागे लागायचं असतं.

गावच्या पोराचं वेगळं. त्याला २५,००० रुपये म्हणजे घरदार विकल्यासारखं. त्याच्यावर खटला भरून दहा वर्षं जुन्नरच्या कोर्टाच्या खेपा घालायला लावण्यात कोणाचंच भलं नाही. पहिल्यांदा फास लावताना सापडला, काही मेलेलं नाही, प्राणी डुक्कर किंवा ससा, तर तडजोडीचं कलम त्याच्यासाठी आहे आणि ते तिथे वापरावं. रक्कम झेपेल एवढी, पण वसुली त्याच महिन्यात. आणि सोबत गावशिवारातले फास शोधून काढायच्या कामाला त्याला जुंपावं, कारण फास कुठे लावतात हे त्याच्याइतकं वनरक्षकालाही ठाऊक नसतं. दुसऱ्यांदा सापडला तर दया नाही. बिबट्याच्या, घोरपडीच्या, खवले मांजराच्या बाबतीत पहिल्यांदाही नाही.

आणि या पैशाचं पुढे काय होतं? आज दंड आणि तडजोडीची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. पिंपळवंडीच्या शिवारात झालेल्या गुन्ह्याचा पैसा पिंपळवंडीत दिसत नाही. म्हणून गावाला त्या गुन्ह्याशी काही घेणंदेणं वाटत नाही. माहिती देणाऱ्याला दंडाच्या रकमेतून बक्षीस देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती गावात कोणाला माहीत आहे? माझी मागणी साधी आहे. फासापोटी वसूल झालेला प्रत्येक रुपया त्याच गावाच्या बंदिस्त गोठ्यांवर, वाडीवस्तीच्या दिव्यांवर, मेंढपाळांच्या तंबूंवर खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. ज्या दिवशी शेजाऱ्याच्या फासाच्या दंडातून आपल्या वस्तीवर दिवा लागेल, त्या दिवशी ‘अज्ञात व्यक्ती’ हे शब्द पंचनाम्यातून कमी होऊ लागतील.

एक गोष्ट शेतकऱ्यांनी स्वतःशी कबूल केली पाहिजे. अकोले तालुक्यातल्या शेतशिवारात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा सर्वांत मोठा वाटा गावकुत्र्यांचा निघाला. म्हणजे तो वस्तीच्या कडेलाच पोट भरतो. रानातला ससा, डुक्कर आपण फासाने संपवत गेलो तर वस्तीकडे यायचं त्याचं एक कारण आपणच वाढवतो. आणि कमरेत वायर रुतलेला, नीट धावता न येणारा बिबट्या सुटून उसात शिरला, तर धावणारं जनावर सोडून तो काय शोधेल, याचा विचार फास लावणाऱ्याच्या शेजाऱ्याने करावा. पहिली झळ त्याच्या घराला लागू शकते.

पुढच्या ग्रामसभेत पिंपळवंडीकरांनी, आणि राजुरी, ओतूर, घोडेगावच्या लोकांनीही, दोन ठराव मांडावेत. एक, आपल्या शिवारात फास आणि थेट करंट लावू देणार नाही, सापडला तर नावानिशी कळवू. दोन, बिबट्याची अनुसूची बदलू नका. त्याऐवजी दिवसा वीज, वेळेत पिंजरा आणि दंडाचा पैसा गावाला द्या. मतं मागायला येणाऱ्याच्या हातात दोन्ही ठरावांची प्रत द्या आणि दुसऱ्या अनुसूचीत गेलेल्या प्राण्याचा गुन्हा पैसे भरून मिटतो हे त्याला माहीत आहे का, ते चारचौघांत विचारा.

बांधावर फास दिसला तर हात लावू नका, मोबाइलवर जागेसह फोटो काढा आणि वनखात्याला कळवा. टोल फ्री क्रमांक १९२६ आहे.